इम्पॅक्ट फॅक्टरचं सर्टिफिकेट कुठे मिळतं?

निवटी | सोमवार, रात्री १०:४२

मंडळी, प्लेसमेंटची (म्हणजे प्राध्यापकांच्या बढतीची) फाईल केलेल्यांनी जरा मदत करा.

मी उपनगरातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. कॉलेजचं नाव विचारू नका, अजून नोकरी करायची आहे. सहा वर्षं ठाणे खाडीच्या चिखलात गुडघाभर उतरून निवट्यांवर काम केलं. हो, तेच, ओहोटी लागली की चिखलावर टुणटुण उड्या मारतात आणि कोळीवाड्यात ज्यांचं कालवण होतं ते. लेखक दोघी, मी आणि माझी विद्यार्थिनी. पेपर आपल्याच देशातल्या एका जुन्या नियतकालिकात आला. समीक्षकांनी दोनदा परत पाठवला होता, दुसऱ्यांदा तर मोजमापांचा अख्खा तक्ता नव्याने करायला लावला. त्यांचं बरोबरच होतं.

परवा फाईल घेऊन आयक्यूएसीच्या, म्हणजे कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाच्या, टेबलावर गेले. पहिला प्रश्न, "मॅडम, इम्पॅक्ट फॅक्टर किती?" म्हटलं, नाही. "नाही म्हणजे शून्य?" नाही म्हणजे नाहीच, ज्या यादीतल्यांना तो आकडा मिळतो त्या यादीत ते नियतकालिक नाही. "मग संपादकांकडून तसं सर्टिफिकेट आणा. लेटरहेडवर, शिक्क्यासकट."

आता हिशेब बघा. यूजीसीच्या २०१८च्या नियमावलीत विज्ञानाच्या पेपरला ८ गुण. इम्पॅक्ट फॅक्टर नसेल तर वर ५, एकच्या आत असेल तर १०, आणि असं चढत चढत दहाच्या वर असेल तर ३०. माझे ८ आणि ५, तेरा. दोन लेखक म्हणून प्रत्येकीला ७० टक्के. म्हणजे ९.१. माझ्या पुढे रांगेत असलेल्या सहकाऱ्याचा पेपर ज्या जर्नलात आहे त्याच्या संकेतस्थळावर "इम्पॅक्ट फॅक्टर ७.८" असं लाल अक्षरांत लुकलुकतं. पैसे भरल्यावर दोन दिवसांत छापून आला, हे त्यांनीच कौतुकाने सांगितलं. एकटे लेखक. ८ आणि २५, तेहतीस.

दोन्ही पेपरांचं एकही पान कोणी उलटलं नाही. तर हा आकडा नक्की कशाचा आहे, ठरवतं कोण, आणि सर्टिफिकेट खरंच मिळतं का?

दिवा_फास्ट | सोमवार, रात्री १०:५०

खिडकीजवळची जागा पकडली आहे. येऊ द्या.

कार्डकॅटलॉग | मंगळवार, सकाळी ६:१५

निवटीताई, हा आकडा माणसांसाठी नव्हताच. कपाटांसाठी होता.

मी दक्षिण मुंबईतल्या एका संस्थेत एकतीस वर्षं ग्रंथपाल होतो, म्हणून थोडं पाल्हाळ लावतो. १९२७ साली अमेरिकेतल्या पोमोना कॉलेजातल्या ग्रॉस आणि ग्रॉस या दोघांपुढे साधा प्रश्न होता. लहान कॉलेज, पैसे थोडे, रसायनशास्त्राची कोणती नियतकालिकं घ्यायची? त्यांनी अमेरिकन केमिकल सोसायटीच्या जर्नलचे १९२६चे अंक घेतले आणि त्यांतल्या तळटीपांत कोणाकोणाचा उल्लेख किती वेळा आला ते मोजत बसले. ज्यांचा जास्त, ती आधी घ्या. संपलं.

पुढे युजीन गारफील्ड आला. १९५५ साली 'सायन्स' नियतकालिकात त्याने उद्धरणांच्या सूचीची, म्हणजे कोणी कोणाच्या पेपरचा हवाला दिला त्याच्या यादीची, कल्पना मांडली. ती त्याने उचलली वकिलांकडून! अमेरिकेत १८७३पासून शेपर्डची सूची निघत असे. एखादा निवाडा नंतर कोणकोणत्या खटल्यांत आधाराला घेतला, कुठे उलटला, ते त्यात सापडायचं. फोर्टातला कुठलाही वकील सांगेल की जुना निवाडा अजून उभा आहे की आडवा झाला हे बघितल्याशिवाय कोर्टात तोंड उघडायचं नसतं. गारफील्ड म्हणाला, विज्ञानातही हेच करू. १९६४पासून त्याच्या फिलाडेल्फियातल्या संस्थेची सायन्स सायटेशन इंडेक्स नियमित निघू लागली. त्यात कोणती नियतकालिकं घ्यायची हे ठरवायला त्याने आणि आयर्विंग शेरने हा भागाकार काढला. नुसते उल्लेख मोजले तर ढिगाने पेपर छापणारी मोठी धेंडंच वर येतात आणि पातळ पण कसदार नियतकालिकं मागे पडतात, म्हणून छापलेल्या पेपरांच्या संख्येने भागायचं. १९७५पासून त्याचा वार्षिक अहवाल, जर्नल सायटेशन रिपोर्ट्स, म्हणजे जेसीआर.

आमच्याकडे त्या सूचीचे जाडजूड खंड यायचे. टाइप इतका बारीक की टेबलावर भिंग दोरीला बांधून ठेवलं होतं (दोरीला का, ते मुंबईकरांना सांगायला नको).

जुलै १९९१मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं आणि परदेशी वर्गण्या एका रात्रीत महागल्या. कोणती नियतकालिकं बंद करायची याची बैठक लागली. एका प्राध्यापकांनी जेसीआरचं पान आणलं. मी माझी वही नेली. त्यात दोन वर्षांच्या नोंदी होत्या. कोणता अंक टेबलावरून उचलला गेला, कोणत्यावर पेन्सिलच्या खुणा झाल्या, कोणत्यावर चहाचे डाग पडले. दोन्ही याद्या ठेवून बघितल्या तर वरची पाचसहा नावं सारखी निघाली. त्याखाली काही म्हणता काही जुळेना. जेसीआरमध्ये तळाशी असलेलं एक स्फटिकशास्त्राचं नियतकालिक आमच्याकडे चहाने अक्षरशः न्हालं होतं. ते ठेवलं.

तेव्हाही तो आकडा वापरला हे कबूल करतो. पण वर्गणीसाठी. त्यावरून कोणाचा पगार ठरवावा असं आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही.

सरासरी | मंगळवार, सकाळी ९:३०

काका, सुंदर. गणिताची बाजू मी घेतो, लोकलमधून लिहितोय तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

समजा एका जर्नलाने २०२२ आणि २०२३ मिळून १०० पेपर छापले. २०२४ या एका वर्षात जगभरच्या पेपरांनी त्या दोन वर्षांतल्या मजकुराचा २५० वेळा हवाला दिला. २५० भागिले १००, म्हणजे २०२४चा इम्पॅक्ट फॅक्टर २.५. दरवर्षी जूनमध्ये, पावसाच्या सुमाराला, हे आकडे जाहीर होतात. पूर्वी दशांशचिन्हानंतर तीन घरं असायची, जणू सोनाराचा काटा. २०२३पासून एकच घर ठेवलं, त्यामुळे हजाराव्या भागावरून जिंकलो-हरलो म्हणणाऱ्यांची पंचाईत झाली.

मुद्दा असा की ही सरासरी आहे, आणि सरासरी तिथेच खरी बोलते जिथे सगळे साधारण एका उंचीचे असतात. पेपर तसे नसतात. 'नेचर'ने २००५मध्ये स्वतःचाच हिशेब छापला होता. त्यांच्या आदल्या वर्षीच्या आकड्यातले ८९ टक्के उल्लेख अवघ्या २५ टक्के पेपरांनी आणलेले होते. उरलेले तीन चतुर्थांश लेखक त्या पावभाजीच्या वासावर जेवले.

काकांनी स्फटिकशास्त्र काढलंच आहे तर ही घ्या त्याच गल्लीतली गोष्ट. 'अॅक्टा क्रिस्टलोग्राफिका'च्या ए विभागाचा २००८चा आकडा २.०५१ होता. २००९चा झाला ४९.९२६! सगळे क्रिस्टलवाले एका वर्षात प्रतिभावंत झाले? तर नाही. २००८मध्ये जॉर्ज शेल्ड्रिक यांनी शेलएक्स या संगणकप्रणालीचा इतिहास सांगणारा एक लेख तिथे लिहिला, आणि ही प्रणाली वापरणाऱ्यांनी याचा हवाला द्यावा असं सुचवलं. वापरणारे हजारो. एका लेखाने सगळ्या विभागाला खांद्यावर उचललं. त्या काळात तिथे दुसरं काहीही छापून आलेल्या माणसाने कॉलेजात फाईल दिली असती तर त्याला ४९.९च्या हिशेबाने ३० गुण. दोन वर्षांची खिडकी सरकली की आकडा पुन्हा जमिनीवर.

ओपीडी_केसपेपर | मंगळवार, दुपारी ३:०५

सरासरीभाऊ, भागाकारातली एक मेख राहिली. वर मोजताना जर्नलातल्या कशाचाही उल्लेख मोजतात, संपादकीय, पत्रं, बातम्या, सगळं. खाली भागताना मात्र फक्त "गणनीय" मजकूर, म्हणजे संशोधनलेख आणि आढावे (आधीच्या संशोधनाचा गोषवारा देणारे लेख). गणनीय काय ते कंपनी ठरवते आणि त्यावर घासाघीस चालते. 'प्लॉस मेडिसिन'च्या संपादकांनी २००६मध्ये उघड लिहिलं की खाली काय धरायचं यावर त्यांचा आकडा तीनच्याही आत ते अकरा, यांत कुठेही येऊ शकला असता. भायखळ्याच्या भाजीबाजारात यापेक्षा कमी ताणतात.

मी परळचा. आमच्या केईएम आणि जी. एस. मेडिकलमधून १९५५पासून 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन' निघतं. अशा जर्नलांत केस रिपोर्टना पूर्वी केवढा मान. एखादा विचित्र पेशंट, नीट लिहिलेला. पण केस रिपोर्टचे उल्लेख फारसे होत नाहीत आणि खाली भाजकात मात्र तो एक अंक वाढवतो. जगभर कित्येक संपादकांनी हे ओळखलं आणि केस रिपोर्ट घेणं कमी केलं किंवा वेगळ्या जर्नलात हलवलं. रात्री तीन वाजता वॉर्डात तसाच विचित्र पेशंट समोर आला की शोधायला तेच लागतात. आढावे छापा, आकडा वर. कर्करोगाची वार्षिक आकडेवारी छापणाऱ्या एका अमेरिकन जर्नलाचा फॅक्टर २०२०साठी ५०८च्या वर गेला होता, कारण कर्करोगावरचा जवळजवळ प्रत्येक पेपर पहिल्या ओळीत तीच आकडेवारी देतो.

रोखठोक_रविवार | मंगळवार, रात्री ९:२०

सगळं मान्य. पण धाग्याला थोडा उलटा वारा देतो.

आकडा वाईट, पण आकडा नव्हता तेव्हा काय सोन्याचा धूर निघत होता? मी नव्वदच्या दशकात मुलाखती दिल्या आहेत. एका ठिकाणी पॅनेलवरच्या गृहस्थांनी माझे पेपर बाजूला सारले आणि विचारलं, "तुम्ही कोणत्या सरांचे?" मी सर सांगितले. त्यांची आणि आमच्या सरांची १९७८पासून बोलचाल नव्हती. झालं. ज्याची निवड झाली त्याचा प्रबंध टंकलेखकाशिवाय कोणी वाचला नसेल. गुणांची पद्धत आली तेव्हा माझ्यासारख्या वशिला नसलेल्याला पहिल्यांदा वाटलं की निदान कागदावर दाखवायला काहीतरी आहे. "समितीने पेपर वाचावा" हे म्हणायला छान. कोणती समिती? तीच ना, सरांचं नाव विचारणारी?

तेव्हा मोडीत काढा म्हणणाऱ्यांनी आधी पर्याय सांगावा.

निवटी | मंगळवार, रात्री ९:५५

रोखठोक, हे लागलं, कारण खरं आहे. माझी नेमणूक झाली तेव्हा मलाही गुणांनीच तारलं होतं. माझी तक्रार मोजण्याबद्दल नाही. मोजपट्टी कापडाची आहे आणि वजन तांदळाचं घेतायत, याबद्दल आहे.

माझ्या क्षेत्रातली गंमत सांगते. आपल्या किनाऱ्यावरच्या एका निवट्याचं शास्त्रीय नाव बोलिऑफ्थाल्मस डुसुमिएरी, व्हॅलेंसिएन, १८३७. त्या माशावर लिहिणारा प्रत्येक जण आजही नावापुढे व्हॅलेंसिएन आणि १८३७ लिहितो. यापेक्षा मोठा हवाला कोणता? पण तो मजकुरात असतो, संदर्भयादीत बहुतेकदा नसतो, म्हणून मोजला जात नाही. आणि यादीत असला तरी दोन वर्षांच्या खिडकीत १८३७ कसं बसणार! बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं जर्नल १८८६पासून निघतंय. त्यातल्या शंभर वर्षांपूर्वीच्या नोंदी आम्ही आज वापरतो, कारण तेव्हा कुठल्या खाडीत काय होतं हे दुसरीकडे लिहिलेलंच नाही. आमच्याकडे पेपर लोणच्यासारखे मुरतात.

टोपोलॉजी_टपरी | बुधवार, सकाळी ११:४०

मुरण्यावरून, आम्ही गणितवाले. आमचा पेपर स्वीकारला जायलाच दीड-दोन वर्षं सहज लागतात. तो वाचून कोणी पुढचं प्रमेय सिद्ध करून छापेपर्यंत इम्पॅक्ट फॅक्टरची खिडकी बंद होऊन वर गंज चढलेला असतो. शिवाय आमच्या पेपरात संदर्भ मोजकेच, जीवशास्त्रवाल्यांच्या यादीत पन्नास-साठ. जिथे सगळेच भरभरून वाटतात तिथे प्रत्येकाच्या पदरात जास्त पडतं. म्हणून गणितातल्या अतिशय दबदब्याच्या जर्नलांचा आकडा जीवशास्त्रातल्या मध्यम जर्नलापेक्षाही कमी दिसतो. यूजीसीच्या तक्त्यात मात्र दोघांना एकच पायरी.

यावर उपाय निघालेत. स्निप नावाचा निर्देशांक त्या क्षेत्रात संदर्भ देण्याची सवय किती आहे ते बघून आकडा सावरतो. आयगेनफॅक्टर आणि एसजेआर उल्लेख कोणी केला त्यालाही वजन देतात. साध्या मराठीत, नाक्यावरच्या दहा जणांनी "चांगला डॉक्टर आहे" म्हणणं आणि एका मुरलेल्या सर्जनने म्हणणं यांत फरक धरायचा. पण सर्जन मुरलेला हे कशावरून? त्याला इतर मुरलेले मानतात यावरून. हे गोल गोल वाटतं, पण रेषीय बीजगणितात त्याचं नीट उत्तर निघतं. १९७६मध्ये पिन्स्की आणि नारिन यांनी ही कल्पना जर्नलांसाठी मांडली होती, गूगलची पानं क्रमाने लावण्याची युक्ती याच घराण्यातली.

आणि रोखठोक यांना पर्याय हवा आहे. २०१३चा सॅन फ्रान्सिस्को जाहीरनामा, डोरा, एवढंच म्हणतो की जर्नलाचा आकडा माणसाच्या किंवा एका पेपरच्या गुणवत्तेच्या जागी वापरू नका. आकडे फेकून द्या असं तो म्हणत नाही. त्या पेपरचे स्वतःचे उल्लेख बघा, त्याच विषयातल्या त्याच वर्षीच्या पेपरांशी तुलना करा. सरांचं नाव विचारणाऱ्या समितीचं औषध मात्र माझ्याकडेही नाही. बाहेरच्या विद्यापीठातले दोन जण बसवले तर थोडा फरक पडतो, एवढा माझा अनुभव.

मोडीवाचक | बुधवार, दुपारी ४:१०

तुमची विज्ञानाची जर्नलं निदान यादीत तरी असतात हो. आम्ही इतिहासवाले. काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात बसून मी दप्तरं वाचतो. माझ्या पेपरच्या साठ तळटीपांपैकी चाळीस अशा: दप्तर क्रमांक अमुक, रुमाल (कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा) तमुक. हे उल्लेख कोणत्या जर्नलाच्या खात्यात जमा करणार? पेशव्यांच्या? उरलेल्यांत बहुतेक ग्रंथ. मराठी संशोधन पत्रिकेतला एखादा लेख मी आधाराला घेतला, तर तो घेतल्याचं फिलाडेल्फियाला कधी कळणार नाही.

मानव्यविद्यांच्या सूचीतल्या जर्नलांना २०२३पर्यंत इम्पॅक्ट फॅक्टर देतच नसत. त्या कंपनीलाही कळत होतं की इथे तो भागाकार चालत नाही. आता देतात. आमच्यात शहाणपण वाढलं म्हणून नव्हे.

शेवटची_कसारा | बुधवार, रात्री ११:५८

निवटीताईंच्या मूळ प्रश्नाकडे कोणी वळेल का? धाग्याचा काश्मीर होण्याआधी कामाचं लिहितो.

सर्टिफिकेट असा प्रकारच नसतो. इम्पॅक्ट फॅक्टर जेसीआरमध्ये असतो नाहीतर नसतो. जेसीआर आता क्लॅरिव्हेट कंपनी काढते. नियमावलीत "थॉमसन रॉयटर्सची यादी" लिहिलंय, पण त्यांनी तो धंदा २०१६मध्येच विकला होता, हे टेबलावरच्यांना सांगू नका, नवीन सर्टिफिकेट मागतील. तुमच्या सहकाऱ्यांच्या जर्नलाचं नाव क्लॅरिव्हेटच्या मास्टर जर्नल लिस्टमध्ये टाकून बघा. फुकट आहे, आयएसएसएन (नियतकालिकाचा ओळख क्रमांक) टाकला तरी चालतो. तिथे नसेल तर तो ७.८ कुठल्यातरी दुकानातून विकत घेतलेला. "ग्लोबल", "युनिव्हर्सल", "सायंटिफिक" असली विशेषणं लावून आकडे देणारी दुकानं आहेत. आणि आयएसएसएन म्हणजे दर्जा नव्हे, तो गाडीच्या नंबरप्लेटसारखा असतो. खटारा असली तरी मिळतो.

याद्यांवर भिस्त ठेवण्याचं काय होतं तेही बघितलंय. यूजीसीने २०१७मध्ये मान्य जर्नलांची यादी काढली. मे २०१८मध्ये त्यातली ४,३०५ काढून टाकली. मग २०१९मध्ये केअर यादी, तिचं कामकाज पुण्याच्या विद्यापीठातून. फेब्रुवारी २०२५मध्ये तीही बंद केल्याचं पत्रक आलं, आता संस्थांनीच पारखायचं. खुद्द क्लॅरिव्हेटलाही चाळणी लावावी लागते. २०१३मध्ये साठाहून जास्त जर्नलांचे आकडे दाबून ठेवले, कारण ती स्वतःचेच नाहीतर आपसात ठरवून एकमेकांचे उल्लेख वाढवत होती. भिशीच म्हणा ना.

ताई, फाईलमध्ये एवढं लावा: नियमावलीतल्या तक्त्याची प्रत, ५ गुणांची ओळ अधोरेखित करून. नियतकालिकाच्या संपादक मंडळाचं आणि समीक्षापद्धतीचं पान. समीक्षकांच्या दोन्ही फेऱ्यांचा पत्रव्यवहार. आणि कॉलेजच्या ग्रंथपालांची सही. शिक्का हवाय ना, त्यांच्याकडे असतो.

कार्डकॅटलॉग | गुरुवार, सकाळी ६:०५

शिक्का असतोच. कपाटाच्या किल्ल्यांच्या डब्यात शोधा.

निवटी | तीन आठवड्यांनी, शुक्रवार, संध्याकाळी ७:३०

सगळ्यांचे आभार. कसारा म्हणाले तशीच फाईल लावली. ग्रंथपालबाईंनी सही केली, शिक्का खरंच किल्ल्यांच्या डब्यात निघाला. टेबलावरच्या गृहस्थांनी तक्ता दोनदा वाचला, कॅल्क्युलेटर काढला, ९.१ लिहिलं. सहकाऱ्यांच्या जर्नलाचं नाव मी मास्टर लिस्टमध्ये शोधलं होतं. नाही सापडलं. टेबलावर बोलले नाही, पण संध्याकाळी स्टाफरूममध्ये त्यांना एकट्याला दाखवलं. बराच वेळ मोबाईलकडे बघत बसले. मग म्हणाले, "पाच हजार भरलेत हो."

निघता निघता टेबलावरच्या गृहस्थांनी पहिल्यांदा पेपर उघडला. फोटोचं पान होतं. चष्मा वर करून विचारतात, "मॅडम, ह्या निवट्या ना? आमच्या लहानपणी उरणला ढिगाने मिळायच्या. आता कुठे मिळतात?"

तक्ता क्रमांक तीन उघडून दिला. वाचत बसले होते, मी गाडी पकडायला निघाले.

दिवा_फास्ट | शुक्रवार, संध्याकाळी ७:४१

तक्ता क्रमांक तीन इथे पण डकवा ना ताई. आणि कालवणासाठी पाककृती विभागात वेगळा धागा काढा.